खांबावरचा फ्लॅश

लग्नात मांडवाच्या खांबाला मी मोठा फ्लॅश बांधायचो. पहिल्यांदा वायर होती, तीत पोरं अडकायची. मग स्लेव्ह घेतला. कॅमेऱ्यावर नावापुरता फ्लॅश चमकवला, की तो उजेड बघून खांबावरचा उडायचा. पण स्लेव्हला आपलं-परकं कळत नाही.

धाकट्या चुलतबहिणीची पाठवण. आजारी आबा खुर्चीत बसलेले. ती गळ्यात पडली, तेवढ्यात कुण्या पाहुण्यानं फ्लॅश मारला. खांबावरचा त्यालाच भुलून उडाला. तो पुन्हा भरायच्या आत मी बटण दाबलं. आबांचं तोंड अंधारातच राहिलं.

"फोटू झ्याक आला न्हवं?" आबांनी विचारलं.

"व्हय," म्हणालो. त्या वर्षीची दिवाळी आबांनी बघितली नाही.

लग्नसराई सरताच शहरात जाऊन रेडिओ ट्रिगर मागितला. दुकानदारानं दोन काढले. महागडा फ्लॅशचा जोर स्वतः ठरवणारा, स्वस्तातला नुसता 'उड' सांगणारा. माझा खांब काही हलत नाही, जोर हातानं लावता येतो, स्वस्तातला पुरे. पण सेल गावात मिळणारे पाहिजेत, आणि चॅनेल बदलता आला पाहिजे. एका तिथीला शेजारी दुसरा मांडव असतोच. फ्लॅश भिंतीआड ठेवून वीसदा उडवून बघितला. एकदाही चुकला नाही. रेडिओला दिसावं लागत नाही.

आता पाठवणीआधी नवे सेल घालतो. चुलती अजून तो फोटो मागते.

"शोधतो," म्हणतो.