मुलाखतीची तयारी

परीक्षा घेण्यात ज्याचे केस पांढरे झाले त्याला परीक्षेची तयारीही करवून घेता येते, असा एक समज रूढ आहे. गेल्या वर्षापर्यंत आम्हीही तो बाळगून होतो.

वरच्या वर्गातील काही विद्यार्थी निवडून त्यांजकडे पहिल्या वर्षाच्या मुलांस शिकविण्याचे काम सोपविण्याची प्रथा आमच्या महाविद्यालयात सुरू झाली आहे. अशा विद्यार्थ्यास 'पीअर ट्यूटर' म्हणतात. त्यामुळे ही कल्पना साता समुद्रांपलीकडून आली, असे आमच्या सहकाऱ्यांस वाटते. वास्तविक पंतोजींच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्यांकडून पाढे घोकवून घेतच असे. डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासेकडील देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली, आपल्या ताब्यातील अनाथालयात मुलांकरवीच मुलांस शिकविले, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्या प्रयोगावर पुस्तक छापले. तिकडे हिला 'मद्रास पद्धत' म्हणत. लेक सासरचे नाव लावून माहेरी आली, इतकेच.

तर मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या घरी आली. या कामाच्या मानधनातून तिच्या खाणावळीचा खर्च भागणार होता. "सर, काय वाचून जाऊ?" एवढेच तिने विचारले. आम्ही खुललो. बेलसाहेबांचा सारा इतिहास, अध्यापनाची व्याख्या, समारोपाचे एक भारदस्त वाक्य, सर्व कागदावर उतरवून दिले. सौभाग्यवतींनी चहा दिला. त्या संध्याकाळी तिच्या उपयोगी पडलेली वस्तू बहुधा तेवढीच.

यादीत तिचे नाव आले नाही. निवड मंडळावरील एक स्नेही म्हणाले, "मुलगी हुशार, पण सारे पाठ करून आलेली. पुढ्यातल्या मुलाला इंग्रजी आर्टिकल समजत नसेल तर काय कराल, असे विचारले, तर तिने आम्हांला मद्रासचे अनाथालय सांगितले!"

आम्ही तिला बोलावून तोच प्रश्न विचारला. ती जरा संकोचली. मग म्हणाली, "वसतिगृहातल्या मुलींना मी कहाणी सांगते, सर. आटपाट नगरात 'एक राजा' होता. पुढच्या वाक्यात कोणी पुन्हा 'एक राजा' म्हणत नाही. 'त्या राजाला' दोन राण्या होत्या, असे म्हणतात. पहिला राजा 'अ', दुसरा 'द'. ऐकणाऱ्याला ओळख झाली की नाही, एवढे पाहायचे. आणि त्यांचे वाक्य चुकले तरी मी पेन हातात घेत नाही. घेतले की त्या गप्प बसतात."

मराठीत आर्टिकल नाही, असे सांगून तीस वर्षे आम्ही मोकळे होत आलो. हा राजा आमच्या फळ्यावर कधी आला नाही. "मग हे तेथे का नाही सांगितलेस?"

"तुम्ही दिलेल्या कागदात ते नव्हते, सर."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. मंडळाकडे रदबदली करावी, असे दोनदा मनात आले. पण कारण सांगताना तो कागदही दाखवावा लागला असता. आम्ही गेलो नाही.

यंदा तिने पुन्हा अर्ज केला आहे. तयारीविषयी विचारावयास मात्र ती आमच्याकडे आलेली नाही.