मजल्यांना जोडणारा फायबर

तळमजल्याच्या रॅकमधून पहिल्या मजल्यावर, पहिल्यावरून दुसऱ्यावर अशी स्विचची साखळी ओढत नेलेली दिसली की मला राहवत नाही. मधला एक स्विच बसला की वरचे सगळे मजले बंद. रुग्णालयात हे चालायचंच नाही. म्हणून प्रत्येक मजल्याच्या रॅकपासून मुख्य रॅकपर्यंत स्वतंत्र फायबर हवा, यावर मी अडून बसतो.

खर्चाचं बोलणारे तांब्याची केबल सुचवतात. तिची मर्यादा १०० मीटर, आणि त्यात दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डही आल्या. नकाशावर जवळ दिसणारं अंतर शाफ्टमधून चढत, फॉल्स सीलिंगवरून वळत केव्हा वाढतं कळत नाही. शिवाय फायबर काचेचा. दोन पॅनेलच्या अर्थिंगमधला फरक त्यातून वाहत नाही. पावसाळ्यात याची किंमत कळते.

दुसरा, राखीव फायबर टाकला की मात्र वर्तुळ तयार होतं. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. एक ब्रॉडकास्ट फिरत, वाढत राहतो आणि सगळं जाळं गुदमरतं. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल जादा वाट मिटून ठेवतो, गरज पडली की उघडतो. किती सुंदर काम आहे हे!

आज याच फायबरच्या कनेक्टरची टोकं तपासली. डोळ्यांना लखलखीत दिसणाऱ्या टोकावर भिंगाखाली धुळीचा कण निघाला, नेमका गाभ्यावर. तो पुसल्यावरच लिंकचा दिवा लागला.