लिन्यों नदीकाठचे गाव



फ्रान्सहून आले की सगळे आयफेल टॉवरचे विचारतात. मला मात्र ल शांबों-सुर-लिन्यों या लहानशा गावाबद्दल सांगायचे आहे. लेक-जावयाबरोबर लियोंहून मोटारीने गेलो. गाव सुमारे १००० मीटर उंचीवर, दगडी घरांचे. शेजारून लिन्यों नदी वाहते, तिचेच नाव गावाला जोडलेले. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी मला शाल लागली.

इथले लोक पूर्वापार प्रोटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने त्यांच्या पंथावर बंदी घातली, चर्चेस पाडली. मग ते रानावनात लपून प्रार्थना करीत. छळाच्या या गोष्टी घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात ते कामी आले. १९४०-४१ च्या हिवाळ्यात एक यहुदी बाई पास्टर आंद्रे त्रोक्मे यांच्या दारात आली. त्यांच्या पत्नी माग्दाने तिला आत घेतले. पुढे असे पुष्कळ आले. शेतकऱ्यांनी त्यांना घरांत, गोठ्यांत ठेवले, मुलांना शाळेत घातले, खोटे दाखले आणि रेशनकार्डे करून दिली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस आले, तेव्हा लोकांना रानात लपवले. काहींना स्वित्झर्लंडला पोचवले.

त्याची किंमतही मोजावी लागली. १९४३ च्या जूनमध्ये धाड पडली. पास्टरांचा नातलग दानिएल त्रोक्मे याला विद्यार्थ्यांसोबत पकडून नेले. १९४४ मध्ये तो मायदानेकच्या छावणीत मेला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांनाही त्याच वर्षी गोळ्या घातल्या.

चर्चच्या समोर १९७९ साली लावलेली पाटी आहे. इथे वाचलेल्या यहुद्यांनीच ती लावली. लेकीने वाचून दाखवली आणि माझे डोळे भरून आले. नर्सच्या नोकरीत आम्ही आधी जखम बघायचो, नावगाव नंतर. पण त्यासाठी आम्हाला पगार मिळायचा, जीव धोक्यात नव्हता. माझ्या दारावर रात्री कुणी थाप मारली असती, तर मी कडी काढली असती का? खरे सांगते, छातीठोकपणे 'हो' म्हणवत नाही.

आपल्या वाडवडिलांनाही कोकणातल्या शेजाऱ्यांनी कधी हुसकले नाही. म्हणून हे गाव मला परके वाटले नाही.

१९९० साली याद वाशेमने या सबंध गावाचा आणि आसपासच्या वाड्यांचा गौरव केला. २०१३ पासून तिथे स्मृतिसंग्रहालय आहे. फ्रान्सला जाल तर एक दिवस काढा, आणि नातवंडांना जरूर न्या.