सूर्य तळहातावर घ्यायचाय? चला उत्तनला!

बालमित्रांनो, आधी एक सोपा प्रश्न. आपल्या ठाणे जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे का?

माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात ‘आहे’साठी वर होतात आणि निम्मे ‘नाही’साठी. ‘आहे’वाल्यांना किनाऱ्याचं नाव विचारलं की कुणी अर्नाळा म्हणतं, कुणी केळवे, कुणी बोर्डी. तुमच्या आईबाबांच्या भूगोलाच्या पुस्तकात ही उत्तरं अगदी बरोबर होती. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला आणि डहाणूपासून वसईपर्यंतचा सगळा किनारा तिकडे गेला. मग आपल्याकडे काय उरलं? खाडी तर भरपूर उरली. आणि खरा, उघडा, मावळतीकडे तोंड करून बसलेला अरबी समुद्र उरला तो भाईंदरच्या पलीकडे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांपाशी.

आज तिथेच जायचंय. तेही संध्याकाळी, फोटो काढायला.

हसू नका! सूर्यास्ताचा फोटो काढणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही. दोन बोटं वर करून एका रांगेत उभं राहायचं आणि सगळ्यांनी ‘चीऽऽज’ म्हणायचं, असले फोटो प्रत्येकाच्या घरी शंभर असतात. एकात चेहरे काळे, दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात समुद्राची रेघ बरोबर दादाच्या मानेतून गेलेली. तुमच्या आजोबांच्या वेळी एका रोलमध्ये छत्तीसच फोटो निघायचे, म्हणून आधी विचार करायचे आणि मग बटण दाबायचे. आता फोनमध्ये हजार मावतात. विचार मात्र छत्तीसवाल्यांसारखाच करायचा, बरं का!

आधी वाट सांगते. कल्याण-डोंबिवलीकरांनी लोकलने ठाण्याला यावं. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने भाईंदर गाठता येतं आणि भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेहून उत्तनकडे बस जाते. वाटेत मिठागरं दिसतात, मग चढ लागतो आणि वाऱ्याचा वास बदलतो. हो, वासच! उत्तन हे कोळ्यांचं गाव. पावसाळा सरला की बांबूंच्या लांबच लांब चौकट्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, जबड्यात जबडा अडकवून, दोरीवर कपडे टांगावेत तसे. नाक मुरडू नका. मावळतीचं ऊन त्या रांगांमधून येतं तेव्हा ते दृश्य फार देखणं असतं. पण कुणाच्या बोंबलांना हात लावायचा नाही आणि कुणाच्या होडीत चढायचं नाही. जाळं विणत बसलेल्या मावशींचा फोटो हवा असेल तर आधी विचारायचं, “मावशी, काढू का?” त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको. आपल्या घरी भाजी निवडत बसलेल्या आईचा फोटो कुणी न विचारता काढला तर चालेल का आपल्याला?

चौकजवळ धारावीचा जुना किल्ला होता. मुंबईतली धारावी नव्हे हं, ही वेगळी! चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. या टेकाडावरून समुद्र आणि वसईच्या खाडीचं तोंड दोन्हींवर नजर राहते. पहाऱ्याला जागा उत्तम आणि फोटोलाही उत्तम.

आता घड्याळ. मुंबईच्या आसपास डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीला सव्वासात वाजून जातात. आपण किती आधी पोचलो हे घड्याळाशिवायही कळतं. हात पुढे ताठ धरा आणि क्षितिजावर मूठ ठेवा. सूर्य मुठीच्या वर टेकलेला असेल तर मावळायला साधारण पाऊण तास आहे. ताठ हाताच्या टोकाची मूठ आकाशाचे जवळजवळ दहा अंश झाकते आणि पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. सूर्य सरळ खाली न येता तिरका उतरतो, म्हणून वेळ थोडा वाढतो. छोट्यांची मूठ लहान, पण हातही आखूड. त्यामुळे हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

हा पाऊण तास वाया घालवू नका. या वेळचं ऊन सोन्यासारखं असतं. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवा, म्हणजे ऊन समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडेल. डोळे बारीक होतात अशी तक्रार येईलच. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि तीनला उघडायचे. आणि कॅमेऱ्याकडे बघायलाच हवं असं कुणी सांगितलं? आजीला शिंपला दाखवा. ताईच्या कानात काहीतरी सांगा. वाळूत आपलं नाव लिहा. हाताला काम मिळालं की चेहरा आपोआप सैल होतो. ‘हस ना, हस ना’ म्हटलं की उलट तो लाकडासारखा होतो.

सूर्य खाली आला की बाजू बदला. आता सूर्य समोर आणि माणसं मधे. फोनच्या पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवा, फ्लॅश बंद ठेवा. आकाश केशरी येईल आणि माणसं काळीभोर. नाक, डोळे, कपडे काहीच दिसणार नाही, दिसेल फक्त आकार. म्हणून इथे उभं राहण्याची रीत वेगळी. समोर तोंड करून हात अंगाला चिकटवलेत तर फोटोत मीठ भरलेलं पोतं दिसेल! कुशीवर वळा म्हणजे नाक-हनुवटीची रेघ उमटेल. हात अंगापासून दूर, बोटं फाकलेली, दोन पायांमधून आकाश दिसायला हवं. दोघं असाल तर दोघांमध्ये थोडी फट ठेवा, नाहीतर दोन डोकी आणि एकच धड येतं. घरून एखादी वस्तू न्या. छत्री, पतंग, बॅट, बाबांची टोपी. उघडी छत्री घेतलेला मुलगा काय झकास दिसतो! उडी मारायची असेल तर गुडघे मागे दुमडा आणि कॅमेरा जमिनीलगत धरा. वीतभर उडीसुद्धा हातभर वाटते. उडी वाळूत हं, खडकावर नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी वर्गफोटोच्या वेळी नेहमी मागच्या रांगेत लपायची. रंगावरून तिला कुणीतरी बोललं होतं. कागदावर सावल्यांचे आकार काढायचा तास घेतला, तेव्हा सगळ्यांत डौलदार उडी तिची निघाली. सूर्यापुढे सगळेच एका रंगाचे होतात. आता ती पुढच्या रांगेत असते.

आणि तळहातावरचा सूर्य? त्याचं गणित मजेचं आहे. आकाशातला सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यापासून पाच मीटरवर उभे असाल तर सूर्य तुमच्या हातात लिंबाएवढा दिसेल. आठ मीटरवर गेलात तर क्रिकेटच्या चेंडूएवढा, आणि चोवीस मीटरवर चक्क फुटबॉलएवढा! सूर्य तेवढाच राहतो, तुमचा हात दूर जाऊन लहान होतो. म्हणून सूर्य मोठा हवा असेल तर माणसाने लांब जायचं आणि फोटो काढणाऱ्याने झूम करायचं. चोवीस मीटरवरून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं ओरडत बसावं लागतं, आणि खरी धमाल तीच असते. मग सूर्याला लाथ मारा, बास्केटमध्ये टाका, आजोबांच्या काठीच्या टोकावर बसवा! एक मात्र लक्षात ठेवा. दुर्बिणीतून किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या काचेच्या भोकातून सूर्याकडे कधीही बघू नका, डोळ्यांना कायमची इजा होते. फोनच्या पडद्यावर बघा.

घाई करा. सूर्याचं बिंब पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं मिळतात. त्यातही गंमत आहे. हवेतून येताना किरण वाकतात. म्हणून बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलासुद्धा असतो! जो गेला आहे त्याचाच फोटो आपण काढतो.

आता जरा गंभीर बोलू या. आईबाबांनी हा भाग मोठ्याने वाचावा.

फोटोत समुद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं, आणि समुद्र तर पाठ दाखवण्याजोगा नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बॅंडस्टँडला खडकांवर सेल्फी काढताना एक मुलगी पाण्यात पडली. तिला वाचवायला उडी घेणारा माणूसही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी सेल्फीसाठी धोक्याच्या जागांची यादी केली. उत्तनच्या किनाऱ्यालाही बरेच खडक आहेत, आणि ओल्या खडकावरचं शेवाळ साबणासारखं असतं. खडक फोटोत दुरून घ्यायचे, त्यांच्यावर चढायचं नाही.

शिवाय भरती. ती तिथीवरून ओळखायची जुनी रीत कोकणात अजून ऐकायला मिळते. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी ऐन सूर्यास्ताला पाणी काठोकाठ! पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून हिशेब केला तर भरती सव्वाअकराला येते. याचा अर्थ पाच-सहाच्या सुमारास पाणी खूप आत गेलेलं असतं. ओली वाळू आरशासारखी पसरते आणि तुमच्या उलट्या छायेसह फोटो निघतो. वर्षातले सगळ्यांत सुंदर फोटो याच दिवसांतले. आणि सगळ्यांत फसवेही! कारण हे उधाणाचे दिवस, पाणी जितकं लांब जातं तितकंच भरभर परत येतं. ढोबळ नियम असा : प्रतिपदा ते सप्तमी सूर्यास्ताला पाणी उतरत असतं, नवमीपासून पौर्णिमेपर्यंत चढत असतं. हा अंदाज झाला. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची छापील वेळ बघायचीच.

म्हणून मी एक पद्धत सुचवते. फोटोला तीन माणसं लागतात. एक काढणारा, एक निघणारा आणि तिसरा राखणदार. राखणदाराने फोटोकडे बघायचंच नाही, फक्त लाटांकडे बघायचं, आणि त्याने ‘चला’ म्हटलं की निम्मी उडी सोडूनसुद्धा मागे यायचं. राखणदार मोठं माणूसच हवं. दर दहा मिनिटांनी पाळी बदला. बाबा राखणदार झाले की आई फोटोत, आई राखणदार झाली की बाबा फोटोत. हे मुद्दाम सांगते. घरी जाऊन सहलीचे फोटो काढून बघा. तुमची आई किती फोटोंत आहे? ती पिशव्या सांभाळत असते, चपला राखत असते, नाहीतर तुमचाच फोटो काढत असते. या वेळी पिशव्या तुम्ही धरा.

उत्तन लांब पडत असेल तर सराव घराजवळही होतो. कल्याणकरांना दुर्गाडीची खाडी आहे. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीत स्वराज्याची जहाजं बांधली गेली. डोंबिवलीकरांना मोठागावचा काठ, ठाणेकरांना गायमुख. मासुंदा तलावावर सूर्य इमारतींमागे लपतो. पण दिवे लागले की पाण्यात त्यांच्या लांब रेघा उतरतात, त्या टिपा. उपवनला मात्र लवकर जा. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यामुळे पंचांगातल्या वेळेच्या आधीच तिथे सावली पडते. खाडीकाठी चिखलात उतरायचं नाही, आणि पुलाच्या कठड्याला टेकून फोटो तर मुळीच नाही.

सूर्य बुडाला की बहुतेक मंडळी चपला झटकून चालू लागतात. तुम्ही थांबा, पण पाण्यापासून दूर, रस्त्याच्या कडेला. पुढची वीसेक मिनिटं आकाश आधी गुलाबी, मग जांभळं, मग निळं होत जातं. आता फोन हलला तर फोटो पुसट येईल. तो दगडावर किंवा पिशवीवर टेकवा, श्वास रोखा आणि सगळ्यांना पुतळे व्हायला सांगा. परतणाऱ्या होड्यांचे दिवे मागे येऊ द्या. एक फोटो पुरे. मग वाळू झटका, डोकी मोजा आणि भाईंदरच्या बसच्या थांब्याकडे चला. खिडकीची जागा त्या दिवशी राखणदाराची!

आता वही काढा. येत्या शुक्ल दशमीला उत्तनला पूर्ण भरती किती वाजता असेल, आणि साडेसहाला पाणी चढत असेल की उतरत?