ब्रेकच्या आधीचा ब्रेक

बर्फावर ब्रेक लावायचा तो वळणाच्या अलीकडे, गाडी सरळ असतानाच. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं घेऊन मनालीहून सोलांगकडे, तिथून अटल बोगद्याकडे जाताना हे पथ्य मी सर्वांत कडक पाळतो. टायरची पकड म्हणजे ठरावीक पगार. सगळा ब्रेकवर खर्च केला तर वळायला काही उरत नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते. ओल्या बर्फावर तिला साठ मीटरही पुरत नाहीत. वेग आधीच २० वर आणला, तर तेच अंतर चौथाईवर येतं. म्हणून खरा ब्रेक हाच.

कडाक्याच्या थंडीत धोका जास्त, असं प्रवाशांना वाटतं. उणे पंधरा अंशांतला बर्फ थोडं तरी धरतो. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा असलेला बर्फ सर्वांत निसरडा. दुपारी वितळलेलं पाणी डोंगराची सावली पडताच गोठतं आणि त्यातून खालचं डांबर दिसत राहतं. बोगद्यात नऊ किलोमीटर चांगला रस्ता मिळाल्याने पायाला वेगाची सवय झालेली असते. सिस्सूच्या बाजूला उजेड दिसू लागला की मी पाय काढून घेतो.

उतारावर आपल्या घाटातला धडा इथेही लागू : गाडी गिअरमध्ये उतरवायची. पण क्लच हळू सोडायचा. झटक्याने खालचा गिअर पडला तर इंजिनच चाकं अडवतं. अडलेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. एबीएस असेल तर पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीत दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मागची बाजू सरकली तर ती जिकडे जातेय तिकडेच स्टिअरिंग, तेही थोडंच, आणि नजर दरीकडे न जाता जिथे जायचंय तिथे. हे सांगायला सोपं आहे; भीती नजरेला दरीकडेच ओढते.

फक्त पुढच्या चाकांना साखळ्या असल्या तर उतारावर मागचं टोक पुढे यायला बघतं, हे नवख्यांना ठाऊक नसतं. फोर-बाय-फोरचाही असाच गैरसमज. ती बर्फातून चढते जोमाने, पण थांबताना तिच्याकडेही तेवढेच चार टायर. त्यामुळे सोलांगहून खाली येताना मागून अशी गाडी रेटायला लागली, की मी जागा बघून तिला आधी पुढे जाऊ देतो.