श्रद्धेचं धैर्य मी चुकीच्या ठिकाणी शोधलं

अर्जुनी मोरगावात आम्ही ख्रिस्ती मोजकेच. रविवारी एका घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली की तीच आमची उपासनेची जागा. आई मला लहानपणी तिथे न्यायची. वडील आणि आजी आपापल्या देवांना धरून होते. कळता झाल्यावर मी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आमच्या मंडळीतल्या तरुणांची जबाबदारी माझ्याकडे आली. श्रद्धेच्या बळावर धीटपणे उभी राहिलेली मुलं-मुली मी जवळून पाहिली. मी मात्र ते धैर्य ओळखण्यात पुन्हा पुन्हा चुकलो, आणि त्या चुकांची किंमत माझ्यापेक्षा इतरांनी जास्त मोजली. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक लपवण्याची. कॉलेजसाठी गोंदियाला खोली करून राहत होतो. रविवारी सकाळी कुठे निघालास, असं मित्रांनी विचारलं की ‘काकांकडे’ म्हणून सांगायचो. नव्या कराराला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी मारायला उठलं नव्हतं. ‘पैसे घेऊन बाटलेले’ हा शब्द एकदा दुसऱ्या कुणाबद्दल ऐकला होता, तो आपल्याला लागेल एवढीच भीती होती.

मी स्वतःची समजूत घालत असे की लहान गावातल्या माणसाला उघडपणे वेगळं राहता येत नाही. हे खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माझ्याच तालुक्याने दाखवलं होतं. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या वाटेने गेलेली घरं आमच्या शेजारी होती. ती माणसं आपला धम्म मान वर करून सांगत. तालुक्यातल्याच प्रतापगडच्या डोंगरावर महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि तिथेच दर्गाही आहे. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले लोक तर देश सोडून आलेले, तरी त्यांनी आपली प्रार्थना सोडली नाही. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना मी पुस्तकाला कव्हर घालत होतो.

त्याच काळात आमच्या मंडळीतली एक मुलगी नागपूरला नर्सिंग शिकायला गेली. माझ्याहून लहान, बोलायला बुजरी. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात विचारणा झाली तेव्हा तिने सरळ सांगितलं, “मी ख्रिस्ती आहे, रविवारी उपासनेला जाते.” काही मुलींनी थोडे दिवस तिच्यासोबत जेवणं टाळलं. तिने त्याची तक्रार केली नाही आणि उत्तरही बदललं नाही. सुट्टीत घरी आल्यावर तिने हे सगळ्यांसमोर साध्या शब्दांत सांगितलं, तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो.

आमच्या पास्टरांनी बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचायला दिलं ते त्याच सुमारास. पदमनजी मुंबईत शिकत असताना परमहंस सभेत जात. जातिभेद न मानणाऱ्यांची ही सभा गुप्तपणे चाले. तिथे एकत्र खाणं होई, बाहेर पडल्यावर जो तो आपापल्या जातीत परत. पदमनजींना मनातून ख्रिस्त पटला होता, तरी घरच्यांच्या दुःखाच्या विचाराने ते बराच काळ घुटमळले. 1854 साली बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मनात एक आणि जगात एक अशा जगण्याचा त्रास त्यांनी लपवला नाही. ते वाचून मला दिलासा मिळाला आणि लाजही वाटली. घाबरणं हा त्यांचाही अनुभव होता. पण घाबरण्याला शहाणपण म्हणायची सवय मी लावून घेतली होती, ती त्यांनी लावून घेतली नव्हती.

बाप्तिस्मा घेतल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. इतकी वर्षं गप्प राहिल्याची भरपाई आवाज चढवून करायला लागलो. एका सणाला घरी आलो असताना आजीने नेहमीसारखा प्रसाद हातावर ठेवला. नम्रपणे ‘नको’ म्हणता आलं असतं. मी तिच्या देव्हाऱ्याबद्दल असं काही बोललो की ते इथे लिहवत नाही. आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबू, तुझ्या देवानं तुला असंच बोलाले शिकवलं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही त्या दिवशी मी मित्रांना अभिमानाने सांगितलं की मी घरात साक्ष दिली. आई पुढे कितीतरी दिवस दोघांच्या मध्ये पोळत राहिली; तिच्या श्रद्धेला घरात जी थोडी जागा मिळाली होती, ती माझ्यामुळे आणखी आक्रसली.

नारायण वामन टिळकांची गोष्टही मी अशीच अर्धी सांगत आलो होतो. 1893 साली राजनांदगावला निघालेल्या टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. नागपूरहून राजनांदगावला जाणारा तो लोहमार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, इथपर्यंत सांगून मी थांबायचो. पुढचा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा आहे. नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी त्यांच्यावर कशी कोसळली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलं आहे. त्या काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही त्यांनी लगेच त्यांचा धर्म घेतला नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नाही, हे स्वतःच्या मनाला पटलं, तेव्हा त्यांनी आपलं सोवळं सोडलं आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धैर्याचा मान राखूनही मी आता म्हणतो की त्या घरातलं अवघड धैर्य लक्ष्मीबाईंचं होतं. माझ्या घरात ते आईचं होतं, आणि मी ते पाहिलं नव्हतं.

तिसरी चूक सर्वांत मोठी, कारण तेव्हा मी वडीलधारा होतो. तरुणांच्या सभेत मी हुतात्म्यांच्या गोष्टी सांगायचो आणि उभं राहून मोठ्याने साक्ष देणाऱ्याचं कौतुक करायचो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा नुकताच यायला लागला होता. घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. एका मेळाव्यात मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, भिऊ नकोस. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. त्याचं येणं बंद झालं, माझ्याशी बोलणंही बंद झालं. मंडळीत मी सांगितलं की त्या मुलाचा विश्वासासाठी छळ होतो आहे.

फार उशिरा मी त्याच्या वडिलांना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलाने स्वतः येऊन सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. ते त्यांना बाहेरच्या लोकांकडून कळलं, ते लागलं. मी ज्याला छळ म्हणत होतो, ते एका बापाचं दुखावणं होतं. मुलाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळेला धीर करण्याची संधी होती, ती मी हिरावून घेतली होती. मी माफी मागितली. मुलगा परत आला नाही.

आमच्यातलाच दुसरा एक तरुण रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहायचा. कामावर न आलेल्यांची नावं मस्टरवर चढव, असं त्याला सांगण्यात आलं. तो माझ्याकडे आला. मी त्याला सल्ला दिला की आपण थोडे आहोत, वैर परवडणार नाही, लिहून टाक. त्याने लिहिलं नाही. “प्रार्थना करून खोटी हजेरी कशी लिहू, दादा?” एवढंच म्हणाला. त्याचं ते काम गेलं. त्या पावसाळ्यात तो लोकांच्या बांध्यांत रोवणीला गेला. ना त्याने कुठे साक्ष दिली, ना मी कधी सभेत त्याचं नाव घेतलं. मेळाव्यात कोण उभं राहिलं याचा हिशेब ठेवणाऱ्या मला हे धैर्य आहे हेच कळलं नाही.

मला ते कळायला पंडिता रमाबाई वाचाव्या लागल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. तिथल्या धर्मभगिनींचा त्यांना आदर होता, तरी न पटलेली शिकवण त्यांनी मुकाट्याने स्वीकारली नाही. शाकाहारही सोडला नाही. ऐन तारुण्यात त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना बरोबर घेऊन आल्या. आमचा हा भाग तेव्हा त्याच मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. केडगावच्या मुक्ती सदनात अशा मुली शिकल्या, कामाला लागल्या, छापखानाही चालवू लागल्या. स्वतः सोसलेली भूक विसरायची नाही आणि भुकेल्या पोरीला जवळ करायचं, याला रमाबाई श्रद्धा म्हणत होत्या. मस्टरवर खोटं नाव न लिहिणारा आमचा मुलगा त्याच वाटेवर होता.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे, आणि तो माझ्या आजीलाही तेवढाच होता. म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो: मुलांना स्टेजवर ढकलू नका. आधी घरी आईवडिलांशी खरं बोलायला त्यांना वेळ आणि बळ द्या, आणि ते बोलतील त्या दिवशी त्यांच्या पाठीशी उभे राहा. कामाच्या जागी खरं वागल्यामुळे ज्याची रोजी जाते, त्याच्या घरी धान्य पोचवा आणि त्याचं नाव सभेत मानाने घ्या. तरुणांनो, तुमचा विश्वास लपवू नका, आणि तो सांगताना कुणाच्या देव्हाऱ्याचा अपमान करू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. आमच्या गावच्या मुलांनी त्या माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवल्या आहेत.