खोळंब्याचा दर

पळस्पे फाट्यावर मध्यरात्री ट्रक बंद पडला तरी ड्रायव्हर फारसा घाबरत नाही. मुंबईकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा जुन्या महामार्गाने खोपोलीमार्गे पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या खिंडीतून गोव्याला. उरणच्या बंदरातले कंटेनरही याच भागातून ये-जा करतात. त्यामुळे टायरवाला, पाटे बदलणारा, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. पाटा तुटलेला ट्रक सकाळच्या चहापर्यंत वाटेला लागतो. त्याच फाट्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, माझ्या घरात, एक शिलाई मशीन कित्येक महिने बंद पडून होतं, आणि ते दुरुस्त करायला माणूस मिळत नव्हता.

मशीन आईचं. काळं, बिडाचं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायडल आणि चाकावरून फिरणारा चामड्याचा पट्टा. बाबा रसायनीला कारखान्यात होते. त्यांच्या एका दिवाळीच्या बोनसमधून थोडे आणि उरलेले हप्त्यांनी देऊन ते घरात आलं. हप्त्यांची ही युक्ती मशीनच्या जन्माइतकीच जुनी. आयझॅक सिंगरला त्याच्या मशीनचं पेटंट 1851 मध्ये मिळालं आणि पाचेक वर्षांत त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. एरवी साध्या घरांना न परवडणारी वस्तू अशी जगभरच्या ओसऱ्यांवर पोचली. आमच्या ओसरीवर ती पोचली तेव्हा ओळीतल्या बायका हळदकुंकवाला आल्यासारख्या बघायला आल्या होत्या.

मग आईला उसंत राहिली नाही. आमचे गणवेश, परकर, उशांचे अभ्रे, जुन्या साड्यांच्या गोधड्या, आणि त्यावर शेजारणींचे ब्लाउज. 'तुमच्याकडे मशीन आहेच ना, वहिनी,' एवढं म्हटलं की काम आईच्या पुढ्यात. पैशांचं बोलणं कोणीच काढत नसे. शेतीवाल्या घरांतून पावसाळ्यात शेवळं यायची, थंडीत पोपटीसाठी वालाच्या शेंगा. ती मजुरी आहे असं देणाऱ्याला वाटत नसे, घेणारीलाही नाही.

मशीन कुरकुरलं की पनवेलहून मशीनवाले काका सायकलवर यायचे. कॅरिअरला पत्र्याची पेटी. ते आधी काहीच उघडत नसत. हाताने चाक फिरवत कान फळीला लावायचे आणि आईला विचारायचे, 'जाड कापडावर आवाज वेगळा येतो का?' आईला उत्तर माहीत असायचं. जाताजाता ते तिला काहीतरी शिकवून जात: शटलमधली कापसाची पूद कशी झाडायची, तेलाचा थेंब कुठे सोडायचा आणि कुठे मुळीच नाही. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता झाला की आई बॉबिनला दोष द्यायची. काका हसून वरचा दोरा काढून पुन्हा ओवायचे आणि गुंता नाहीसा व्हायचा. गुंता खाली दिसतो, पण खोट बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते, हे मला शाळेत जायच्या वयातच ठाऊक झालं होतं.

पण काका कधी येतील याचा नेम नसे. ऐन दिवाळीच्या तोंडावर मशीन अडलं तर आई निरोप पाठवायची आणि वाट पाहायची. रात्री जागून हातशिलाईने हेम घालायची. त्याच घरात दुसरंही एक दृश्य मी पाहिलं आहे. कारखान्यातला एखादा पंप बंद पडला की रात्री-अपरात्री आमच्या दारात जीप उभी राहायची आणि बाबा शर्टाची बटणं लावतच तिच्यात चढायचे. पंप थांबला तर तासाला किती नुकसान, हे कारखान्यात कोणालाही तोंडपाठ असे. आईचं मशीन थांबलं तर किती नुकसान, हे कोणी कधी मांडलंच नाही. मांडणार तरी कसं? चालू होतं तेव्हाही त्याची कमाई शून्यच धरली जात होती.

आई गेल्यावर मशीन माझ्याकडे आलं. 2020 च्या टाळेबंदीत ते पुन्हा दिवसरात्र चाललं. राज्यभर 'उमेद'च्या बचत गटांतल्या बायका मास्क शिवत होत्या. मीही जुन्या सुती साड्या फाडून गल्लीपुरते शिवले. त्यानंतर बरंच पुढे, जीन्सचा पाय आखूड करताना जाड शिवणीवर सुई कडकन मोडली. नवी घातली, पण टाके सुटायला लागले. चार टाके नीट पडायचे, दोन गायब.

एका दुकानदाराने 'ठेवून जा' म्हणून मशीन ठेवून घेतलं, आगाऊ पैसेही घेतले, आणि बऱ्याच आठवड्यांनी नवी सुई बसवून तोच आजार परत दिला. एका कंपनीच्या मदतक्रमांकावर मुलीने गोड आवाजात मॉडेल नंबर विचारला. तो तिच्या संगणकात सापडेना, तेव्हा तितक्याच गोड आवाजात तिने एक्स्चेंज ऑफर सांगितली. तिसऱ्याने तर मशीनकडे पाहिलंच नाही, खालच्या लोखंडी स्टँडकडे पाहिलं. 'ताई, हे कॅफेवाले टेबलाला घेतात. चांगले पैसे येतील.' भंगारवालासुद्धा यापेक्षा जरा आडवळणाने बोलतो.

गांधीजींनी 1924 मधल्या एका संभाषणात यंत्रांना असलेल्या आपल्या विरोधातून सिंगरचं शिलाई मशीन वगळलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते केलं, अशी हळवी गोष्टही त्यांनी सांगितली. सिंगरच्या चरित्रात एवढं पत्नीप्रेम सापडत नाही, पण तो मुद्दा निराळा. मग अशी मशीन बनवायला कारखाने लागतीलच, असा प्रश्न निघाला. कारखाने असावेत, पण ते सरकारच्या मालकीचे, असं त्यांचं उत्तर. म्हणजे बनवणाऱ्याचा विचार झाला, वापरणारीचाही झाला. दुरुस्त करणारा तेव्हाही बोलण्यात आला नाही. आजही तेच. केंद्राच्या 2023 च्या विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरी आहेत. शिंपी आहे, कुलपं करणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतही मिळते. त्या मदतीतून घेतलेलं मशीन उद्या बिघडलं तर कोणाला हाक मारायची, तो मात्र यादीत नाही.

मला वाटतं, वस्तू जुनी झाली म्हणून तिला कारागीर मिळत नाही, हे अर्धंच खरं. ज्याचं थांबणं कोणीतरी पैशांत मोजतं, त्याच्या दारी कारागीर धावतो. घरातल्या कामाचं थांबणं मोजायचं तर आधी ते काम मोजावं लागेल. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणाने निदान मिनिटं तरी मोजली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, ते करणाऱ्या पुरुषांचा 97. मिनिटं कळली. दर मात्र त्या सर्वेक्षणात नव्हता. माझ्या सिद्धान्ताला एक भरभक्कम अपवाद आहे, तो दाराबाहेरच आहे: पळस्पे ते इंदापूर हा गोवा महामार्गाचा पट्टा. त्याचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तो दशकाहून अधिक काळ खणलेला पाहिला. तिथे खोळंबा सगळेच मोजत होते, पण ज्याचा खोळंबा त्याच्या हाती पाना नव्हता.

शेवटी इलाज फाट्यावरच निघाला. तिथे ट्रकच्या सीटांची कव्हरं आणि ताडपत्र्या शिवणारा एक जण बसतो. त्याचं मोटरवरचं जाड मशीन दिवसभर धडधडत असतं. सहज विचारलं, 'तुमचं बिघडलं तर हो?' तो म्हणाला, 'बिघडून कसं चालेल? गाडी उभी राहते ना. फोन केला की कळंबोलीहून पोरगा येतो.' तो पोरगा पुढच्या वेळी आला तेव्हा त्याला घरी आणलं.

पोरगा विशीतला, कानात इअरफोन. तो त्याने काढला, हाताने चाक फिरवलं आणि सुईकडे बघत राहिला. 'टायमिंग गेलंय, ताई.' सुई तळ गाठून किंचित वर उठते तेव्हा तिच्या भोकाजवळ दोऱ्याचा बारीक फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्यात शिरावं लागतं, की टाका पडला. सगळा खेळ दोनेक मिलिमीटरचा. जाड शिवणीच्या दणक्याने सुईचा दांडा जागचा सरकला होता. त्याने एक स्क्रू ढिला केला, दांडा बसवला, स्क्रू आवळला. चहा निवायच्या आत काम झालं. दीडशे रुपये घेतले आणि वर म्हणाला, 'हे मशीन विकू नका. याला काही होत नाही.'

त्यानंतर मी एक गोष्ट केली. फॉल, पिको, ब्लाउज, आखूड करणं, सगळ्याचे दर लिहून कागद भिंतीला डकवला. शेजारच्या काकू क्षणभर थबकल्या. 'अगं, तुझी आई कधी पैसे घ्यायची नाही!' मी म्हटलं, 'म्हणूनच घेते, काकू.' त्यांनी पैसे दिले, आणि पुढच्या खेपेला काम लवकर व्हावं म्हणून तगादाही लावला, जो पूर्वी फुकटात लावायची त्यांना चोरी होती.

परवा पट्टा तुटला. कळंबोलीला फोन लावला. मशीन बंद पडलंय म्हटल्यावर पोरगा म्हणाला, 'बघू, या आठवड्यात जमवतो.' मग मी सांगितलं, गिऱ्हाइकाचे पाच ब्लाउज अडकलेत आणि लग्न रविवारी आहे. तो म्हणाला, 'संध्याकाळी येतो.' आणि आला.